आयसीयूत 'सेन्सरी रूम': आधी काय काढायचं, मग काय आणायचं

सिस्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर लगेच कळेल. जिल्ह्याच्या ठिकाणी तुमचं बारा बेडचं मेडिकल आयसीयू आहे. एका देणगीदारांनी तीन लाख रुपये देऊ केलेत. त्यातून 'सेन्सरी रूम' व्हावी अशी त्यांची इच्छा आहे: छतावर फिरते रंग टाकणारा प्रोजेक्टर, सुगंधाचा डिफ्युझर, संगीताचे स्पीकर आणि व्हीआर चष्मे (डोळ्यांसमोर आभासी दृश्य दाखवणारे). एक चष्मा त्यांनी पाठवूनही दिलाय. तुमची अडचण अशी की पेशंट रात्री झोपत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बडबडायला लागतात, नळ्या ओढतात, नातेवाईक म्हणतात 'वात झालाय', आणि शेवटी हात बांधून मिडाझोलाम (गुंगीचं औषध) द्यायची वेळ येते. या वस्तूंनी हे कमी होईल का, आणि पहिले पैसे कशावर घालावेत?

थेट सांगतो. प्रोजेक्टर आणि डिफ्युझर घेऊ नका. तीन लाखांत खूप काही होईल, पण वेगळ्या गोष्टींवर.

आयसीयूतल्या पेशंटच्या कानांवर, डोळ्यांवर आणि कातडीवर चोवीस तास मारा चालू असतो आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींचा त्याला अर्थ लागत नाही. डोक्यामागे काहीतरी वाजतं, दंड अचानक आवळला जातो, कुणीतरी न सांगता कुशीवर वळवतं. ज्या गोष्टींचा अर्थ लागला असता, म्हणजे स्वतःचा चष्मा, घड्याळ, खिडकी, घरच्यांचा आवाज, त्या आपण दाखल करतानाच त्याच्याकडून काढून घेतो. अशा माणसाच्या डोक्यावर आणखी रंग आणि आणखी आवाज सोडले तर माऱ्यात भरच पडते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. नको ते आधी कमी करायचं, हरवलेलं परत द्यायचं, आणि उरलेल्या पैशांत नवीन काही आणायचं.

सेन्सरी रूमची मूळ कल्पना १९७० च्या दशकातली, नेदरलँड्समधली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी ती निघाली आणि त्यांच्यासाठी चांगलीच आहे. पण तिथला माणूस आपणहून त्या खोलीत जातो, हवं ते निवडतो आणि कंटाळला की उठून बाहेर येतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मान वळवणंही जड जातं. त्याला नको असलेला प्रकाश बंद करता येत नाही.

शांत करण्याआधी कारण शोधा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर बाकी सगळं धोक्याचं ठरतं. पेशंट अस्वस्थ झाला की संगीत लावण्याआधी हे पाहून घ्या: ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, बीपी, साखर, दुखणं, तुंबलेली लघवी, साठलेलं पोट. पिळा पडलेल्या कॅथेटरमुळे फुगलेलं मूत्राशय हे रात्रीच्या तळमळीचं फार साधं आणि हमखास नजरेतून सुटणारं कारण आहे. आधी बेडखाली वाकून पिशवीत किती लघवी आली ते बघा.

व्यसन सुटल्याची तळमळ वेगळी. दारूचं आपण विचारतो. तंबाखूचं पुरुषांना विचारतो. आजींना मिश्री लावायची सवय आहे का, हे कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या बाईचं निकोटिन दाखल झाल्या दिवशी एकदम बंद होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कासावीस होते. दाखल करतानाच्या कागदावर हा प्रश्न छापूनच घ्या.

नळीमुळे बोलता येत नसेल तर दुखणं सीपीओटी या गुणपट्टीने मोजा. चेहरा, हालचाल, अंगाचा ताठपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ८. गुण ३ किंवा जास्त आले तर दुखतंय असं धरून चाला आणि डॉक्टरांकडून वेदनाशामक घ्या. दुखणाऱ्या माणसाला भजन ऐकवून झोप येत नाही.

आवाज

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेशंटच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल आवाज असावा. चालत्या आयसीयूत हे जमत नाही. रात्रीसुद्धा ५० ते ६० असतो आणि मध्येच ८० च्या वर उसळतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, यावरून काय ते समजा. तुम्ही तिसाच्या मागे लागू नका. एकसुरी आवाजात माणूस झोपू शकतो. झोप मोडते ती अचानक उसळणाऱ्या आवाजाने.

फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण आधी आणि नंतर अशी तुलना करायला पुरतो. फोन नर्सिंग स्टेशनवर ठेवू नका, पेशंटच्या उशीपाशी धरा. रात्री ११, १, ३ आणि ५ वाजता पाच-पाच मिनिटं मोजा, आणि प्रत्येक उसळीसमोर ती कशाची होती ते लिहा. आठवडाभर असं केलंत की यादी आपोआप तयार होते. तिच्यात बहुधा हे सापडेल: पायाने उघडायच्या स्टीलच्या डस्टबिनचं झाकण, ट्रॉलीची खडखडणारी चाकं, आपटणारं दार, ट्रेमध्ये टाकलेली कात्री, काम झाल्यावर चालूच राहिलेलं सक्शन (घशातला-छातीतला स्राव ओढून काढणारं यंत्र), स्टाफच्या फोनची रिंग आणि आपलं स्वतःचं बोलणं. झाकणाला रबर, ट्रॉलीला नवी रबरी चाकं, दाराला हायड्रॉलिक डोअर क्लोझर. हे दोन दिवसांचं काम आहे. एअर मॅट्रेसचा पंप पलंगाच्या दांडीवर टांगलेला असेल तर त्याची थरथर अख्ख्या पलंगात उतरते. दांडी आणि पंप यांच्यामध्ये रबराचा तुकडा घाला. नेझल प्राँग्जवर (नाकात लावायच्या नळीवर) ४ लिटरपर्यंत ऑक्सिजन असेल तर बबल ह्युमिडिफायर, म्हणजे ऑक्सिजन ओला करणारी पाण्याची बाटली, बहुतेकदा लागत नाही. तो काढला की कानाजवळची रात्रभराची बुडबुड थांबते.

अलार्मचा विषय थोडा खोलात जाऊन पाहायला हवा. आयसीयूत वाजणाऱ्या अलार्मपैकी मोठा वाटा खोट्या किंवा बिनकामाच्या अलार्मचा असतो. अलार्म बंद करणं हा उपाय नाही, तो कधीच करू नका. तो का वाजतो ते शोधा.

एक, मर्यादा. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटच्या सॅच्युरेशनचं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं, उद्दिष्ट ८८ ते ९२ टक्के ठरवलंय आणि मॉनिटरची खालची मर्यादा ९४ वरच आहे, तर तो मॉनिटर रात्रभर बोंबलणारच. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला डॉक्टरांना विचारून त्या पेशंटपुरती मर्यादा लावा.

दोन, बीपीचा कफ आणि सॅच्युरेशन मोजणारा बोटाचा प्रोब एकाच हाताला. कफ फुगला की बोटातलं रक्त थांबतं, सॅच्युरेशन पडल्यासारखं दिसतं, अलार्म होतो. दर पंधरा मिनिटांनी हेच. प्रोब दुसऱ्या हाताला लावा. आणि ते पंधरा मिनिटांचं सेटिंग बहुधा दाखल करताना लावलेलं तसंच राहिलेलं असतं. पेशंट स्थिर असेल तर रात्री ते किती वाढवायचं हे डॉक्टरांना विचारा. आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत बीपी मोजणारी नळी) असेल तर कफ वारंवार फुगवायचं कारणच नाही.

तीन, ईसीजीचे सुकलेले इलेक्ट्रोड. रोज बदला. लावण्याआधी कातडी साबणपाण्याने पुसून कोरडी करा, दाट केस असतील तर कापा.

चार, व्हेंटिलेटरच्या नळीत साठलेलं पाणी. ते हललं की मशीनला पेशंटने श्वास घेतल्यासारखं वाटतं किंवा प्रेशरचा अलार्म होतो. पाणी वेळोवेळी वॉटर ट्रॅपमध्ये काढा, पेशंटच्या दिशेने कधीही जाऊ देऊ नका.

पाच, सिरिंज पंप. रात्री दोनला संपणारी सिरिंज दहा वाजताच दिसत असते. पुढची भरून, लेबल लावून जवळ ठेवा.

रात्रीचं वेळापत्रक

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि खर्च शून्य. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं. कुशीवर वळवणं दर दोन तासांनी आहे असं धरा. दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळचं सगळं काम वीस मिनिटांत एकदम उरकलं तर मध्ये शंभर मिनिटं उरतात, म्हणजे एक आवर्तन पुरं होतं. पण औषध साडेदहाला, बीपी पावणेअकराला, सक्शन अकराला, लघवीची नोंद सव्वाअकराला असं सुटंसुटं केलं की पेशंटला सलग वीस मिनिटंही मिळत नाहीत.

म्हणून रात्री नऊ ते दहा हा तास तयारीचा ठेवा. दुखण्याचे गुण बघून औषध, गरज असेल तर सक्शन, तोंडाची निगा, डोळ्यांत मलम किंवा थेंब, पिशव्या रिकाम्या, सिरिंज भरलेल्या, चादरीची सुरकुती काढून कूस बदललेली. दहाला दिवे मंद. सक्शन घड्याळ बघून करू नका. घरघर, प्रेशर वाढणं, सॅच्युरेशन पडणं अशी खूण दिसली तरच करा. आधी जास्त ऑक्सिजन द्या आणि एका वेळी १५ सेकंदांच्या आत नळी बाहेर काढा.

स्पंजिंगचं काय? बऱ्याच ठिकाणी ते पहाटे तीन-चारला होतं, कारण सकाळच्या शिफ्टला वेळ नसतो. झोपेचा हा सगळ्यात मोठा तोटा आहे. ते संध्याकाळी सात-आठला किंवा सकाळी सहानंतर न्या. पहाटेचे रक्ताचे नमुने आणि एक्स-रेही सहाच्या पुढे सरकवता येतात का, ते लॅबशी आणि राउंड घेणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. हे सगळं तुमच्याकडे रात्री किती सिस्टर असतात यावर अवलंबून आहे. एका सिस्टरकडे चार पेशंट असतील तर चौघांचं एका वेळी होणार नाही. मग दहा, साडेदहा अशा वेगवेगळ्या वेळा लावा, पण प्रत्येकाचं काम एकत्रच करा. आणि व्हॅसोप्रेसर (बीपी टिकवणारं औषध) वाढत चाललेल्या किंवा दर तासाला बाहुल्या तपासाव्या लागणाऱ्या पेशंटला हे वेळापत्रक लागू नाही. तिथे तपासणीच पहिली.

उजेड

देणगीतला मोठा हिस्सा मी इथे घालेन. तुमच्याकडे बहुधा एका बटणावर चार-सहा ट्यूब लागतात. सहा नंबरला सलाइन लावायचं म्हणून पाच आणि सात नंबरच्या डोळ्यांवरही लख्ख उजेड पडतो. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक बेडला वेगळं बटण करून घ्या. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पिवळसर, २७०० केल्विनचा मंद दिवा लावा आणि कामासाठी मान वळवता येणारा एक छोटा दिवा द्या. उशीपाशी रात्री २० ते ३० लक्सच्या आत राहिलं की ठीक. निळसर पांढरा उजेड झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन दाबतो, म्हणून रात्रीचा दिवा पिवळसर. जीव वाचवायची वेळ आली तर सगळे दिवे एका बटणावर लागले पाहिजेत, ती सोय मात्र ठेवा.

दिवसा याच्या उलट. सकाळी सातला पडदे उघडा, दिवे पूर्ण लावा. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यात दुपारनंतर तिरीप थेट तोंडावर येते, तिथे पातळ पडदा हवा. महागडे 'सर्केडियन' (दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळवलेले) दिवे विकायला कुणी आलं तर घाई करू नका. नेदरलँड्समध्ये ७३४ पेशंटवर अशा झगझगीत दिव्यांचा प्रयोग झाला होता, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डेलिरियम, म्हणजे तुम्ही सांगितलेला हा भ्रम, कमी झालं नाही. रात्रीचा अंधार आणि दिवसाची खिडकी, एवढंच नीट सांभाळा.

छताकडेही एकदा बघा. शक्य तर पेशंटच्या जागी स्वतः आडवे होऊन बघा. फॉल्स सीलिंगच्या भोकाभोकांच्या टाइल्स असतील तर भ्रमातल्या पेशंटला तिथे मुंग्या आणि किडे चालताना दिसतात. प्रोजेक्टरचे हलते रंग नकोत ते याचसाठी. दिसतंय त्याचा चुकीचा अर्थ लावणाऱ्या मेंदूला आणखी हलतं काही देऊ नये. भोकं असतील तर साध्या पांढऱ्या टाइल्स बसवा.

कानातले बोळे आणि डोळ्यांची पट्टी

स्वस्त आणि चांगलं साधन, पण सगळ्यांसाठी नाही. जो शुद्धीत आहे, ज्याला विचारून 'हो' मिळालंय आणि जो स्वतःच्या हाताने काढू शकतो, त्यालाच द्या. हात बांधलेल्याला, आधीच भ्रमात असलेल्याला, डोक्याला मार लागून कानातून पाणी किंवा रक्त येणाऱ्याला नाही. भ्रमातल्या माणसाचे डोळे बांधले तर तो आणखी घाबरतो.

फोमचा बोळा नुसता कानाशी चिकटवून काही होत नाही. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. एका पेशंटचा दुसऱ्याला नको. पट्टी पापण्यांना न टेकणारी, खोलगट घ्या, आणि तिचं इलॅस्टिक कानामागच्या ऑक्सिजनच्या नळीवर दाब देत नाही ना ते बघा. सकाळी सहाला दोन्ही काढायची जबाबदारी ठरावीक व्यक्तीला द्या, नाहीतर राउंडला पेशंट 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलं जातं.

हरवलेलं परत द्या

दाखल करताना आपण नातेवाइकांना सांगतो, 'दागिने, मोबाइल, चष्मा, सगळं घरी न्या.' चष्मा आणि कानाचं मशीन न्यायला सांगू नका. प्रत्येक बेडला नाव लिहिलेला एक झाकणाचा डबा द्या: चष्मा, कानाचं मशीन, त्याचे जादा सेल. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण सूचना देतो आणि तो ऐकत नाही म्हणून गोंधळलेला ठरवतो. कवळीचं मात्र वेगळं. नळी असलेल्याला, गुंगीत असलेल्याला कवळी नको.

घड्याळ मोठ्या आकड्यांचं आणि पायाकडच्या भिंतीवर. पलंगाचं डोकं ३०-४५ अंश वर असतं, त्या स्थितीतून पेशंटला दिसलं पाहिजे. बहुतेक आयसीयूत घड्याळ नर्सिंग स्टेशनच्या वर असतं, म्हणजे ते आपल्यासाठी असतं. शेजारी रोज पान फाडायचं मोठ्या आकड्याचं मराठी कॅलेंडर, वार दिसेल असं.

पेशंटला घरी काय म्हणतात ते विचारून बेडवर लिहा: 'बाई', 'अण्णा', 'ताई', जे असेल ते. 'सहा नंबर' म्हणून हाक मारली तर माणूस वळून बघत नाही. त्यांची बोली येणारी व्यक्ती स्टाफमध्ये असेल तर तिला थोडा वेळ द्या. अहिराणी, मालवणी, सीमेकडे कन्नड. हात लावण्याआधी बोला: 'आजी, मी सिस्टर. आज गुरुवार आहे, सकाळ झालीय. आता तुम्हाला डाव्या कुशीवर करते.' मग हात दंडावर ठेवा, तीन आकडे मोजा, मग वळवा. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेल्या पेशंटशीही असंच बोला. त्याला हलता येत नाही, पण गुंगी कमी पडली असेल तर त्याला सगळं ऐकू येत असतं.

तहान, गारठा, कातडी

तहान हा आयसीयूतला फार मोठा आणि फार कमी विचारला जाणारा त्रास आहे. सलाइन चालू असलं तरी तोंड कोरडंच असतं. सोपा उपाय: गार निर्जंतुक पाण्याचा तोंडात बारीक फवारा, मग गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या स्वॅबने जीभ आणि गाल आतून ओले करणं, शेवटी ओठांना मेंथॉल असलेलं पाण्यावर आधारित मलम. पंधरा मिनिटांचं काम. साठलेलं पाणी सक्शनने काढा. ग्लिसरीन लावायची जुनी सवय सोडा, ते पाणी ओढून घेतं आणि थोड्या वेळाने तोंड आणखी कोरडं पडतं. ऑक्सिजन चालू असताना ओठांना व्हॅसलीन किंवा नाकाखाली तेलकट बाम नको.

गारठ्याचं असं की एसी आपल्या अंगातल्या ॲप्रनच्या हिशेबाने लावलेला असतो आणि पेशंट पातळ गाऊनमध्ये असतो. एसीचा झोत कुणाच्या तोंडावर येतोय ते हात धरून बघा आणि तिथे झोत वळवणारी पट्टी लावा. मोजे, जादा चादर, स्पंजिंगला कोमट पाणी आणि एका वेळी एकच अवयव उघडा.

नळीच्या फितीखाली ओठाचा कोपरा, कानामागे, राईल्स ट्यूबपाशी (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीपाशी) नाकपुडी: या तीन जागा प्रत्येक शिफ्टला बघा. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचं (कफचं) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी. नळी टोचत असेल तर माणूस ती ओढणारच.

संगीत आणि घरचा आवाज

संगीत चालतं, पण पेशंटच्या पसंतीचं आणि त्याला हवं तेव्हा. अमेरिकेत मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात व्हेंटिलेटरवरच्या ३७३ पेशंटवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेडफोन लावायचे की नाही हे पेशंटने स्वतः ठरवलं होतं. तिथे भीती आणि गुंगीचं औषध दोन्ही कमी झालं. म्हणून छतातले स्पीकर नकोत. धुता येणारे साधे हेडफोन, प्रत्येक पेशंटला नवं कव्हर, २० ते ३० मिनिटं, संथ लय, आवाज शेजारच्याशी बोलण्याइतका. ड्रेसिंगच्या किंवा ड्रेन काढायच्या आधी पाच मिनिटं सुरू केलं तर उपयोग जास्त.

सगळ्यांना भजनच हवं असं धरू नका. काहींच्या मनात भजन मयताच्या रात्रीशी जोडलेलं असतं. उशाशी ते सुरू झालं की 'माझं संपलं' असं त्यांना वाटतं. कुणाला जुनी भावगीतं हवी असतात, कुणाला क्रिकेटची कॉमेंट्री. नातेवाईक मोबाइलवर एकच मंत्र रात्रभर उशाशी लावून जातात. त्यांना प्रेमाने समजवा की दिवसा अर्धा तास पुरे. झोपेसाठी रात्री संगीत किंवा सुगंध वापरू नये असंच अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०१८ च्या सूचनांत सुचवलंय.

घरच्यांकडून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. मजकूर साधा: 'आई, मी बोलतोय. तू दवाखान्यात आहेस. घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, ती काढली की येईल. घरी सगळं ठीक आहे, मी उद्या सकाळी येतो.' दिवसातून दोन-तीनदा ऐकवा.

भेटायला आलेले लोक हमखास विचारतात, 'मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?' पेशंटला नाव आठवत नाही, तो ओशाळतो, समोरचा रडतो. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आधीच सांगा: प्रश्न विचारू नका, स्वतःच सांगा. 'मी सुनंदा, तुझी धाकटी बहीण. गाय व्याली, कालवड झाली.' अशा गोष्टी. शेताचा तोटा आणि दवाखान्याचं बिल नको. शक्य असेल तर दहा मिनिटांऐवजी अर्धा-एक तास, एका वेळी एक माणूस. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत दिवसाला बारा तासांपर्यंत भेट देऊन पाहिली गेली, २०१९ मध्ये ते छापून आलं. डेलिरियम लक्षणीय कमी झालं नाही, पण घरच्यांची घालमेल कमी झाली. मला तेवढंही मोलाचं वाटतं.

काय घेऊ नये

डिफ्युझर, कारंजं, फिश टँक: साठलेलं पाणी असलेली कुठलीही शोभेची वस्तू आयसीयूत नको, जंतू वाढतात. सुगंधी तेलाने दम्याच्या पेशंटचा श्वास आवळू शकतो, आणि एका बेडचा वास एसीतून बाराही बेडांना जातो. कुंडीही नको, मातीत बुरशी असते. उदबत्तीचं तर नावच नको, ऑक्सिजन आहे. घरच्यांनी आणलेला अंगारा पुडीत बांधून उशाखाली ठेवला तर काही बिघडत नाही. तीर्थ मात्र तोंडात घालू देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कपाळाला लावा म्हणावं, बहुतेक लोक ऐकतात.

पैसे आणि मोजणी

आधी दिव्यांची वायरिंग, मग चाकं, डोअर क्लोझर आणि रबर, मग छताच्या टाइल्स, पडदे, घड्याळं, डबे, सहा हेडफोन. बोळे आणि पट्ट्या वर्षभराच्या घेऊन ठेवा. देणगीदारांना दिवे बदलल्यावर एकदा रात्री अकराला बोलवा. त्यांना दाखवायला तुमच्याकडे आधीचे आणि नंतरचे आकडे हवेत, म्हणून खर्च करण्याआधी दोन आठवड्यांची नोंद घ्या: उशीपाशचे डेसिबल, रात्री लागलेले मिडाझोलामचे जादा डोस, किती जणांनी स्वतः नळी काढली, आणि प्रत्येक शिफ्टला भ्रम ओळखायची कॅम-आयसीयू चाचणी. त्यातले प्रश्न मराठीत सहज होतात: दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, हातोडीने खिळा ठोकता येतो का. गुपचूप पडून राहणाऱ्या पेशंटचीही चाचणी करा. ते भ्रमात असले तरी त्रास देत नाहीत, म्हणून नजरेतून सुटतात.

आता तो आलेला व्हीआर चष्मा. वर सांगितलेल्या २०१८ च्या सूचनांत वेदनांसाठी व्हीआर देऊ नये असाच कल आहे, कारण पुरावा थोडा आहे. नळी, बायपॅपचा मास्क, भ्रम, फिट्स, मळमळ यांपैकी काहीही असेल तर तो लावू नका. पण तुमच्याकडे गियाँ-बारे या नसांच्या आजारासारखे पेशंट येत असतील, पूर्ण शुद्धीत, घशाला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र), हातपाय हलत नाहीत आणि महिनाभर एकच भिंत समोर, तर त्यांना विचारून बघा. पलंगाचं डोकं वर, दिवसा, पहिल्यांदा पाच मिनिटं, फार फार तर दहा. दृश्य स्थिर हवं, नदीकाठ किंवा शेत. धावतं काही नको. सिस्टरने पूर्ण वेळ शेजारी उभं राहून कपाळावरच्या आठ्या आणि मॉनिटर बघायचा. चष्म्यात डोळे झाकलेले असल्याने डोळे मिटायची खूण दिसणार नाही, म्हणून जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं की काढायचा अशी खूण आधी ठरवा, आणि ती त्या पेशंटला जमते का ते बघा. नाकाच्या हाडावर लाल वण उठला तर त्या दिवशी पुन्हा नको. वापरानंतर कडा पुसून घ्या, भिंगाला स्पिरिट लावू नका, आणि आयसोलेशनमधल्या पेशंटला तो देऊच नका.